बेन्फिकाचे आठ पराभव आणि एका शापाचा हिशेब

लिस्बनच्या बेन्फिका या फुटबॉल क्लबने १९६१ आणि १९६२ अशी लागोपाठ दोन वर्षे युरोपियन चषक जिंकला. त्यानंतर हा क्लब युरोपातील स्पर्धांच्या अंतिम सामन्यापर्यंत आणखी आठ वेळा पोहोचला आणि आठही वेळा हरला. युरोपियन चषकात १९६३, १९६५, १९६८, १९८८ आणि १९९० मध्ये, युएफा चषकात १९८३ मध्ये, तर त्याच स्पर्धेचे ‘युरोपा लीग’ असे नामकरण झाल्यावर २०१३ आणि २०१४ मध्ये. या नोंदीचे जगभर सांगितले जाणारे स्पष्टीकरण एका वाक्यात संपते. दोन्ही करंडक मिळवून देणारे प्रशिक्षक बेला गुटमान यांनी १९६२ मध्ये पैशांच्या वादातून क्लब सोडला आणि जाताना, पुढील शंभर वर्षे बेन्फिका युरोपचा विजेता होणार नाही, असा शाप दिला.

कथा म्हणून हे उत्तम आहे. मात्र ते खरे मानले तर या आठ सामन्यांकडे वेगवेगळे पाहण्याची गरजच उरत नाही आणि प्रकरणाचा अभ्यास तेथेच थांबतो. या लेखात ते आठ सामने सुटे करून पाहिले आहेत. त्यातून माझे जे मत बनले ते आधीच सांगतो. बेन्फिकाचा युरोपातील आलेख हा मुळात माणसे हाती ठेवता येण्या-न येण्याचा आलेख आहे. जोवर खेळाडू लिस्बनमध्ये टिकत होते, तोवर क्लब युरोपच्या शिखरावर किंवा त्याच्या अगदी लगत होता. ते टिकेनासे झाले, तसा तो खाली आला.

दोन करंडक कोणी जिंकले

क्लबची युरोपातील सुरुवात साधीच होती. १९५५ मध्ये पहिल्या युरोपियन चषकासाठी पोर्तुगालमधून निमंत्रण गेले ते बेन्फिकाचा शेजारी आणि कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या स्पोर्टिंगला, वास्तविक त्या वर्षीचे राष्ट्रीय विजेतेपद बेन्फिकाकडे होते. बेन्फिकाचे पदार्पण १९५७ मध्ये सेव्हियाविरुद्ध झाले. तेथे १-३ असा पराभव आणि घरी गोलशून्य बरोबरी, एवढ्यावर ती मोहीम आटोपली.

१९५९ मध्ये गुटमान आले. बुडापेस्टमध्ये जन्मलेले हे ज्यू गृहस्थ व्हिएन्नाच्या हाकोआ क्लबकडून खेळले होते, दुसऱ्या महायुद्धात सक्तमजुरीच्या छावणीतून निसटून वाचले होते, मिलानचा संघ गुणतक्त्यात अव्वल असताना तेथील नोकरीवरून काढले गेले होते आणि ब्राझीलमध्ये साओ पावलोला विजेतेपद मिळवून देऊन युरोपात परतले होते. पोर्तोला पोर्तुगालचे विजेतेपद मिळवून दिल्यावर लगेच ते बेन्फिकाकडे वळले. एका क्लबमध्ये तिसरे वर्ष प्रशिक्षकासाठी घातक असते, हे त्यांचे आवडते सूत्र होते आणि त्यांच्या कारकिर्दीतील मुक्कामांची यादी पाहिली, तर ते सूत्र त्यांनी बहुतेक वेळा पाळलेले दिसते. भांडून निघून जाणे हा त्यांचा स्वभावच होता. १९६२ मधील घटना त्यामुळे अपवादात्मक ठरत नाही.

३१ मे १९६१ रोजी बर्न येथे झालेल्या अंतिम सामन्यात बेन्फिकाने बार्सिलोनाला ३-२ असे हरवले. पहिल्या पाचही वर्षी हा चषक जिंकणाऱ्या रेआल माद्रिदला त्या मोसमात बार्सिलोनानेच बाहेर काढले होते आणि त्यांच्या संघात कुबाला, कॉचिश, त्सिबोर, सुआरेझ असे नामवंत होते. अंतिम सामन्यात बार्सिलोनाचे फटके पुन्हापुन्हा गोलखांबांवर आदळून परतले, तर बेन्फिकाच्या तीन गोलांपैकी एक बार्सिलोनाच्या गोलरक्षकाच्या नावावर स्वयंगोल म्हणून नोंदला गेला. कॉचिश आणि त्सिबोर यांनी हंगेरीकडून १९५४ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना याच मैदानावर आणि ३-२ याच फरकाने गमावला होता. शापाची भाषा वापरायचीच असेल, तर त्या दिवशी ती बार्सिलोनाला जास्त शोभली असती. बेन्फिकाच्या पहिल्या करंडकात नशिबाचा वाटा मोठा होता, ही गोष्ट पुढच्या आठ पराभवांचा हिशेब मांडताना सहसा कोणी लक्षात घेत नाही.

पुढील वर्षीच्या विजयात मात्र नशिबाचा भाग कमी होता. २ मे १९६२ रोजी ॲमस्टरडॅममध्ये रेआल माद्रिदच्या पुश्काशने मध्यंतरापूर्वीच तीन गोल केले, माद्रिद ३-२ असे पुढे होते आणि तरीही उत्तरार्धात कोलुनाचा एक आणि वीस वर्षांच्या युसेबियोचे दोन गोल झाल्याने सामना ५-३ असा बेन्फिकाकडे आला. उपांत्य फेरीत टॉटनहॅमला आणि त्याआधी न्यूरेम्बर्गला नमवूनच हा संघ तेथवर पोहोचला होता. न्यूरेम्बर्गमध्ये १-३ अशी हार पत्करल्यावर लिस्बनमधील परतीचा सामना बेन्फिकाने ६-० असा जिंकला होता.

आता या संघातील माणसे कोठून आली होती ते पाहू. गोलरक्षक कोश्ता परेरा आणि मधल्या फळीचा आधार मारिओ कोलुना यांचा जन्म मोझांबिकमधला. दोन्ही करंडक उंचावणारा कर्णधार जोझे आगुआश आणि १९६१ च्या अंतिम सामन्यात खेळलेला संताना हे अंगोलातून आलेले. युसेबियो लोरेन्सो मार्किशचा, म्हणजे आजच्या मापुटोचा. तो तेथे स्पोर्टिंगच्या शाखा-क्लबकडून खेळत होता आणि १९६० च्या डिसेंबरमध्ये त्याला लिस्बनला आणल्यानंतर दोन्ही क्लबांमध्ये त्याच्यावरून काही महिने वाद चालला. त्याला एका टोपणनावाखाली दूर किनाऱ्यावरच्या हॉटेलात लपवून ठेवल्याचे किस्से आजही रंगवून सांगितले जातात. बर्नच्या अंतिम सामन्यात तो नव्हता, त्याच्या बेन्फिकाकडून पहिल्या सामन्याला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता.

बेन्फिकाचे त्या काळचे धोरण फक्त पोर्तुगीज खेळाडू खेळवण्याचे होते आणि पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांच्या राजवटीच्या कायद्याने आफ्रिकेतील वसाहतींमध्ये जन्मलेले खेळाडू पोर्तुगीजच ठरत. १९५१ मध्ये घटनेत बदल करून या राजवटीने आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणायला सुरुवात केली होती. त्या यादीत मोझांबिक आणि अंगोलाच्या बरोबरीने गोव्याचेही नाव होते. बर्न आणि ॲमस्टरडॅम येथील दोन अंतिम सामन्यांच्या मधल्याच डिसेंबरात, १९ तारखेला, गोवा मुक्त झाला. म्हणजे बेन्फिकाने पहिला चषक जिंकला तेव्हा पणजी लिस्बनच्या अमलाखाली होती आणि दुसरा जिंकला तेव्हा ती भारतात होती. ज्या साम्राज्यावर हा संघ उभा होता, त्याची पहिली मोठी फट अशी आपल्याकडे पडली. संघाला मात्र त्याची झळ लागायला अजून तेरा वर्षे होती, कारण खेळाडूंचा झरा आफ्रिकेत होता.

वाद, वाक्य आणि पुनरागमन

१९६२ च्या विजयानंतर गुटमान यांनी मानधनवाढ किंवा बक्षिसाची रक्कम मागितली, संचालकांनी करारात तशी तरतूद नसल्याचे कारण देऊन ती नाकारली आणि गुटमान निघून गेले, इथपर्यंत बहुतेकांचे एकमत आहे. शापाचे वाक्य त्यांनी नेमके कोठे आणि कोणासमोर उच्चारले, याविषयी तसे एकमत नाही. वाक्याचे शब्दही सांगणाऱ्यागणिक बदलतात. काहींच्या मते ते फक्त बेन्फिकाविषयी होते, तर काहींच्या मते त्याचा दुसरा भाग असाही होता की, कोणताही पोर्तुगीज क्लब दोनदा युरोपचा विजेता होणार नाही. हा दुसरा भाग पोर्तोने १९८७ आणि २००४ मध्ये खोटा ठरवला आणि तेव्हापासून तो फारसा ऐकू येत नाही. भविष्यवाणीचा फसलेला भाग गळून पडतो आणि टिकलेला भाग सांगितला जातो, हे इथे नमुनेदारपणे घडले आहे.

कथेत सहसा न येणारी आणखी एक बाब अधिक महत्त्वाची आहे. शाप देणारे गुटमान स्वतःच १९६५ मध्ये बेन्फिकाकडे परत आले. त्या मोसमात युरोपियन चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत मँचेस्टर युनायटेडने त्यांच्या संघाला इंग्लंडमध्ये ३-२ आणि मग ९ मार्च १९६६ रोजी लिस्बनमध्ये ५-१ असे हरवले. तोवर युरोपियन चषकात घरच्या मैदानावर बेन्फिका कधीच हरला नव्हता. एकोणीस वर्षांच्या जॉर्ज बेस्टने पहिल्या काही मिनिटांतच दोन गोल केले आणि त्या रात्रीने त्याला युरोपभर नाव मिळवून दिले. ज्याने शाप दिला तोच तो उतरवू शकला असता, असे मानले तरी त्याला ती संधी मिळाली होती आणि ती पहिल्या अर्ध्या तासात गेली.

साठच्या दशकातील तीन पराभव

२२ मे १९६३ रोजी वेम्बलीवर मिलानविरुद्ध युसेबियोने बेन्फिकाला आघाडी मिळवून दिली. उत्तरार्धात मिलानच्या पिव्हातेल्लीच्या धसमुसळ्या आडवणुकीत कोलुना जखमी झाला. तेव्हा बदली खेळाडू उतरवण्याची मुभा नव्हती. जखमी खेळाडू लंगडत मैदानावर राहत असे आणि संघ प्रत्यक्षात दहा जणांनिशी खेळत असे. आल्ताफिनीने दोन गोल केले आणि मिलान २-१ असे जिंकले. बेन्फिकाचा सगळा खेळ ज्याच्या पायांतून जात असे, तो माणूस निकामी झाल्यावर निकाल फिरला, इतके साधे हे प्रकरण आहे.

१९६५ चा पराभव मला या आठांपैकी सर्वांत अन्यायकारक वाटतो. त्या वर्षी उपांत्यपूर्व फेरीत बेन्फिकाने रेआल माद्रिदला लिस्बनमध्ये ५-१ असे लोळवले होते. अंतिम सामना मिलान शहरातील सान सिरो मैदानावर ठेवला गेला आणि समोर आला तो गतविजेता इंतर, ज्याचे ते घरचेच मैदान होते. बेन्फिकाने ठिकाणाला घेतलेल्या हरकतीचा उपयोग झाला नाही. २७ मे रोजी पावसाने मैदानाचा चिखल केला होता. मध्यंतराच्या जरा आधी जाइरचा फारसा जोर नसलेला फटका ओल्या चेंडूमुळे कोश्ता परेराच्या हातांतून सुटला आणि गोल झाला. उत्तरार्धात तोच गोलरक्षक जखमी होऊन बाहेर गेला, बचावपटू जर्मानोला गोलात उभे करावे लागले आणि दहा खेळाडूंनी उरलेला वेळ खेळून काढला. त्या काळच्या इंतरचा बचाव भेदणे अकरा जणांनाही अवघड जात असे. बेन्फिकाने दुसरा गोल होऊ दिला नाही आणि सामना ०-१ असा संपला.

तिसरा पराभव २९ मे १९६८ रोजी पुन्हा वेम्बलीवर, मँचेस्टर युनायटेडविरुद्ध झाला. इथेही प्रतिस्पर्ध्याला स्वतःच्या देशात खेळायला मिळाले. सामना १-१ असा असताना आणि निर्धारित वेळेची अखेरची मिनिटे उरलेली असताना युसेबियो गोलरक्षक ॲलेक्स स्टेपनीसमोर एकटा पोहोचला. त्याने जोरदार फटका मारला, तो स्टेपनीने छातीशी धरला आणि युसेबियोने तेथेच थांबून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. जादा वेळेत युनायटेडने तीन गोल केले. आठ पराभवांपैकी एकापेक्षा जास्त गोलांच्या फरकाचा हा एकच आहे. बेन्फिकाचा हा संघ उतरणीला लागल्याची चिन्हे त्या मोसमाच्या आरंभीच दिसली होती. पहिल्या फेरीत उत्तर आयर्लंडच्या ग्लेंटोरानविरुद्ध १-१ आणि ०-० अशा बरोबरीनंतर केवळ बरोबरी झाल्यास परक्या मैदानावरील गोल जास्त मोलाचा धरण्याच्या नव्या नियमामुळे बेन्फिका पुढे सरकला होता.

या तीन सामन्यांत दोन जखमा, दोन प्रतिकूल ठिकाणे आणि एक निसरडा चेंडू सापडतो. याला दुर्दैव म्हणता येईल. पण सहा वर्षांत तीनदा अंतिम सामन्याला पोहोचणे हे दुर्दैवापेक्षा मोठे सत्य आहे, आणि ते शक्य झाले कारण संघ फुटला नाही. १९६५ मध्ये युसेबियोला युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा ‘बालों द’ओर’ मिळाला, १९६६ च्या विश्वचषकात त्याने नऊ गोल केले आणि पोर्तुगाल तिसरा आला. आजच्या काळात असा खेळाडू दोन महिन्यांत माद्रिद किंवा मँचेस्टरला गेला असता. तेव्हा खेळाडूला क्लबच्या संमतीशिवाय हलता येत नसे, सक्तीच्या लष्करी सेवेची अट होती, सालाझार यांनी स्वतः लक्ष घालून त्याची विक्री थांबवल्याचे सांगितले जाते, आणि ज्या इटलीकडे सर्वांत जास्त पैसा होता त्या देशाने १९६६ च्या विश्वचषकातील नामुष्कीनंतर परदेशी खेळाडूंना दारे बंद केली. त्यामुळे युसेबियो १९७५ पर्यंत बेन्फिकाकडे राहिला. क्लबच्या वैभवाचा हा आधार न्याय्य नव्हता. त्यात खेळाडूच्या इच्छेला स्थान नव्हते. पण तो भक्कम होता.

आधार निखळल्यानंतर

२५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये क्रांती होऊन हुकूमशाही कोसळली. १९७५ मध्ये मोझांबिक आणि अंगोला स्वतंत्र झाले आणि तेथील मुलगा आपोआप ‘पोर्तुगीज’ खेळाडू ठरण्याचे दिवस संपले. बेन्फिकाने तरीही काही वर्षे जुने व्रत पाळले. १९७८ मध्ये सभासदांनी परदेशी खेळाडूंना मान्यता दिली आणि पुढच्या वर्षी ब्राझीलचा जोर्ज गोमिश हा पहिला परदेशी खेळाडू आला.

देशात मात्र क्लबचा दबदबा कमी झाला नव्हता, आणि हीच विसंगती नीट पाहिली पाहिजे. १९७२-७३ मध्ये बेन्फिकाने राष्ट्रीय लीग एकही सामना न हरता जिंकली. तीसपैकी अठ्ठावीस विजय आणि दोन बरोबरी. त्याच मोसमात युरोपियन चषकाच्या दुसऱ्या फेरीत इंग्लंडच्या डर्बी काउंटीने त्यांना ३-० असे हरवले आणि लिस्बनमध्ये गोलशून्य बरोबरी साधून घरी बसवले. देशांतर्गत लीगमध्ये आठवड्यामागून आठवडे कस लागत नसेल, तर युरोपातील एका वाईट रात्रीतून सावरण्याची सवयही लागत नाही.

ऐंशीच्या दशकात स्वेन-योरान एरिक्सन या तरुण स्वीडिश प्रशिक्षकाने संघ पुन्हा उभा केला. १९८३ च्या युएफा चषकाचा अंतिम सामना दोन टप्प्यांत झाला आणि अँडरलेख्टने तो १-०, १-१ असा जिंकला. त्यात फारसे सांगण्यासारखे काही नाही.

१९८८ मध्ये श्टुटगार्टला आइंडहोव्हनच्या पीएसव्हीविरुद्ध एकशेवीस मिनिटांत गोल झाला नाही आणि पेनल्टींवर बेन्फिका ५-६ असा हरला. वेलोझोची सहावी पेनल्टी व्हान ब्रॉयकेलनने अडवली. बेन्फिकाचा महत्त्वाचा खेळाडू दियामांतिनो अंतिम सामन्याच्या थोडे आधी जखमी झाला होता. पीएसव्हीनेही त्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपासून एकही सामना जिंकला नव्हता, पाचही बरोबरीत सुटले होते. बेन्फिकाच्या आघाडीला त्या दिवशी रुई आगुआश होता, १९६१ आणि १९६२ च्या कर्णधाराचा मुलगा.

१९९० चा अंतिम सामना व्हिएन्नात होता आणि गुटमान १९८१ मध्ये तेथेच वारले होते. सामन्याआधी युसेबियो त्यांच्या थडग्यापाशी गेला आणि त्याने प्रार्थना केली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. मिलानच्या रायकार्डने एकमेव गोल केला. गुलिट, व्हान बास्टन, बारेसी, माल्दिनी असा संघ समोर असताना ०-१ हा निकाल समजण्यासाठी थडग्यापर्यंत जाण्याची गरज नाही. शिवाय बेन्फिका त्या सामन्याला पोहोचला कसा, हेही सांगितले पाहिजे. उपांत्य फेरीत मार्सेयविरुद्ध निर्णायक गोल अंगोलाच्या वाताने हाताने ढकलून केला होता आणि पंचांच्या नजरेतून ते सुटले होते. मार्सेयच्या चाहत्यांना बेन्फिकाच्या शापाची कथा ऐकवून पाहावी.

नव्वदच्या दशकात आर्थिक घडी विस्कटली. १९९५ च्या बोस्मान निकालाने करार संपलेल्या खेळाडूला मोकळे केले आणि युरोपीय संघातील खेळाडूंवरची मर्यादा उठवली. दूरचित्रवाणीचा पैसा मोठ्या चार-पाच देशांत साचू लागला. १९९४ ते २००५ या काळात बेन्फिकाला राष्ट्रीय विजेतेपदही मिळाले नाही आणि १९९९ मध्ये स्पेनच्या सेल्ता व्हिगोने युएफा चषकात त्यांचा ७-० असा धुव्वा उडवला. १९९० नंतर त्या दशकात अंतिम सामना हरण्याइतकाही हा क्लब पुढे गेला नाही.

ॲमस्टरडॅम आणि तुरिन

२०१३ आणि २०१४ हे दोन पराभव माझ्या मते या प्रकरणाचा गाभा आहेत, कारण माणसे हातून निसटण्याची प्रक्रिया त्यांत उघड्या डोळ्यांना दिसते.

प्रशिक्षक जोर्ज जेझुश यांच्या संघाने मे २०१३ मध्ये जे भोगले, ते कोणत्याही चाहत्याच्या वाट्याला येऊ नये. ११ मे रोजी पोर्तोच्या केल्विनने भरपाई वेळेत गोल करून लीगचे विजेतेपद हिरावले. १५ मे रोजी ॲमस्टरडॅममध्ये चेल्सीविरुद्ध सामना १-१ असा असताना भरपाई वेळेच्या तिसऱ्या मिनिटाला इव्हानोव्हिचने कॉर्नरवर हेडरने गोल केला. २६ मे रोजी राष्ट्रीय चषकाचा अंतिम सामनाही व्हितोरिया गिमाराइशने २-१ असा जिंकला.

ॲमस्टरडॅममध्ये चेल्सीच्या मधल्या फळीत डेव्हिड लुईझ आणि रामिरेश खेळत होते. दोघेही बेन्फिकाने विकलेले. बेन्फिकाच्या मधल्या फळीत नेमान्या मातिच होता, आणि तो चेल्सीकडून लिस्बनला आला होता तो डेव्हिड लुईझच्याच विक्रीच्या व्यवहाराचा भाग म्हणून. आठ महिन्यांनी, जानेवारी २०१४ मध्ये, चेल्सीने मातिचलाही परत विकत घेतले.

मधल्या फळीत त्याचा साथीदार एन्झो पेरेझ मागे उरला आणि संघ पुन्हा युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात पोहोचला. अंतिम सामना तुरिनमध्ये, युवेंटसच्या मैदानावर होणार होता. स्वतःच्या घरी अंतिम सामना खेळण्याची आस धरलेल्या युवेंटसला बेन्फिकाने उपांत्य फेरीत अडवले, पण त्या सामन्यांच्या धुमश्चक्रीत एन्झो पेरेझ, साल्व्हियो आणि मार्कोव्हिच हे तिघे निलंबित झाले. १४ मे रोजी सेव्हियाविरुद्ध गोल झाला नाही. पेनल्टींमध्ये कार्दोसो आणि रोद्रिगो यांचे फटके गोलरक्षक बेतोने रेषेच्या बरेच पुढे येऊन अडवले. सेव्हिया ४-२ असा जिंकला. मातिच गेला नसता आणि त्याचा साथीदार निलंबित झाला नसता, तर निकाल वेगळा लागला असता असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण शापाच्या बाजूने उभे राहण्यापेक्षा या दोन रिकाम्या जागांच्या बाजूने उभे राहणे मला जास्त सोयीचे वाटते.

दहा दिवसांनी, २४ मे २०१४ रोजी, चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे नाव बदललेल्या युरोपियन चषकाचा, अंतिम सामना बेन्फिकाच्याच एस्तादिओ द लुझ या मैदानावर झाला. रेआल माद्रिदने ॲटलेटिकोला जादा वेळेत ४-१ असे हरवले आणि सामन्याचा मानकरी ठरला आंखेल दि मारिया, ज्याला बेन्फिकाने २०१० मध्ये माद्रिदला विकले होते. त्याच संघात डावीकडे बचावाला कोएन्त्राव होता, २०११ मध्ये विकलेला. तुरिनमध्ये बेन्फिकाच्या गोलात उभा राहिलेला ओब्लाक त्या उन्हाळ्यात ॲटलेटिकोकडे गेला. त्याच वर्षी जानेवारीत युसेबियो आणि फेब्रुवारीत कोलुना वारले, आणि क्लबने आपल्या मैदानापाशी दोन्ही चषक हाती घेतलेल्या गुटमान यांचा पुतळा उभारला. ज्यांना मागितलेली रक्कम नाकारली, त्यांना ब्राँझ मिळाले.

गणित आणि त्याच्या मर्यादा

प्रत्येक अंतिम सामना नाणेफेकीसारखा समसमान मानला, तर आठही हरण्याची शक्यता २५६ मध्ये एक एवढी येते. ती फार कमी वाटते. पण बहुतेक सामन्यांत बेन्फिका समसमान नव्हता. जिंकण्याची शक्यता सरासरी ३५ टक्के धरली, जी मला वाजवी वाटते, तर आठही हरण्याची शक्यता सुमारे ३ टक्के होते. युरोपात दशकानुदशके खेळणाऱ्या डझनावारी क्लबांपैकी एखाद्याच्या वाट्याला असे येणे अगदीच अघटित नाही. युवेंटसने युरोपियन चषक आणि चॅम्पियन्स लीग मिळून सात अंतिम सामने गमावले आहेत, त्यांना कोणी शाप दिल्याचे ऐकिवात नाही.

माझ्या मांडणीवर सर्वांत मोठा आक्षेप पोर्तोचा आहे आणि तो टाळता येणार नाही. तोच देश, तीच छोटी बाजारपेठ, तीच खेळाडूविक्री, आणि तरीही पोर्तोने १९८७ व २००४ मध्ये युरोपियन विजेतेपद, २००३ मध्ये युएफा चषक व २०११ मध्ये युरोपा लीग जिंकली. म्हणजे पैशाचे गणित सर्व काही ठरवत नाही. पोर्तोला अंतिम सामन्यांत मोनाको, सेल्टिक किंवा ब्रागासारखे तुलनेने हलके प्रतिस्पर्धी मिळाले, हे खरे. परंतु त्यांनी संघ एक मोसम जास्त टिकवण्याचे कसबही दाखवले. २००३ चा युएफा चषक जिंकणाऱ्या संघाचा कणा प्रशिक्षक मोरिन्यो यांनी २००४ पर्यंत राखला आणि तो युरोपचा विजेता झाल्यावरच फुटला. बेन्फिकाला नेमके तेच जमलेले नाही.

२०१७-१८ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या गटातील सहाही सामने हरून आणि केवळ एक गोल करून परतल्यावर बेन्फिका पुन्हा सावरला, आणि २०२२-२३ मध्ये त्यांनी पॅरिस सें-जर्मेन आणि युवेंटस असलेल्या गटात पहिले स्थान मिळवले. जानेवारी २०२३ मध्ये, विश्वचषक जिंकून आलेला एन्झो फर्नांडेझ सुमारे १२ कोटी युरोंना चेल्सीला विकला गेला. तो क्लबमध्ये आल्याला तेव्हा एक मोसमही झाला नव्हता. एप्रिलमध्ये उपांत्यपूर्व फेरीत इंतरने लिस्बनमध्ये २-० असा विजय मिळवला आणि परतीचा सामना ३-३ असा सुटला. त्या रकमेला नाही म्हणणे कोणत्याही संचालक मंडळाला परवडले नसते, हेही मान्य करावे लागेल.

क्लबची नदीपल्याडच्या सेशाल येथील अकादमी आज युरोपातील नामांकित अकादमींमध्ये गणली जाते. २०२२ मध्ये बेन्फिकाच्या मुलांनी युएफाच्या युवा लीगच्या अंतिम सामन्यात साल्झबुर्गला ६-० असे हरवून, तीन अंतिम सामने गमावल्यानंतर, ती स्पर्धा जिंकली. १० जून २०२३ रोजी मँचेस्टर सिटीने चॅम्पियन्स लीग जिंकली ती त्याच इंतरला हरवून, आणि सिटीच्या पहिल्या अकरांत एडरसन, रुबेन दियाश आणि बर्नार्दो सिल्व्हा हे बेन्फिकाचे तीन माजी खेळाडू होते. ३१ मे २०२५ रोजी म्युनिकमध्ये पॅरिस सें-जर्मेनने इंतरवर ५-० अशी मात केली तेव्हा सेशालमध्ये वाढलेला जुआंव नेविश मधल्या फळीत सुरुवातीपासून खेळला आणि तेथलाच गोन्सालो रामुश बदली खेळाडू म्हणून उतरला. नेविशला बेन्फिकाने त्याआधीच्या उन्हाळ्यात विकले होते, रामुशला त्याच्या एक वर्ष आधी.